कडेच्या काठ्या

९ फेब्रुवारी, आल्टा

गाडी मिळाली. राखाडी, खिळ्यांच्या टायरांची, आत नव्या बुटांच्या खोक्यासारखा वास. काउंटरवरच्या बाईने करार पुढे केला तेव्हा मी मागच्या पानावरची मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय घडाघडा वाचून दाखवली. ती म्हणाली, "सत्त्याहत्तराव्या वर्षी कमाल आहे हं तुमची." माझी बायको गुनवोर तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. ती एकदम वळली आणि विमा कुठकुठला मिळतो ते विचारून म्हणाली, "सगळा द्या. जेवढा असेल तेवढा." जिने आयुष्यात पावाचा शिळा तुकडा फुकट घालवला नाही, तिला एकाएकी ही उधळपट्टी सुचली.

ही डायरी मी आमच्या मुलीसाठी, इडूनसाठी लिहितो आहे. म्हणजे तिला वाचून दाखवायला. थंडी सुरू व्हायच्या आधी तिने आमची गाडी नेली, तिची म्हणे दुरुस्तीला आहे. नाताळ झाला, नवं वर्ष झालं, दुरुस्ती चालूच. विचारलं की म्हणते, "बाबा, कुठे जायचं असेल तर मी सोडते ना." द्रामेनमधल्या अर्ध्या गावाला ज्याने गाडी चालवायला शिकवलं, त्याला ही सोडणार. म्हणून मी ठरवलं, विमानाने देशाच्या उत्तर टोकाला यायचं, इथे गाडी भाड्याने घ्यायची आणि भर बर्फातून बेर्लेवोगपर्यंत, रस्ता संपून समुद्र लागतो तिथपर्यंत, स्वतः चालवत जायचं. गाडी धडधाकट परत केली की ही डायरी इडूनच्या पुढ्यात टाकीन आणि आमच्या गाडीची किल्ली मागून घेईन.

गुनवोरला किनाऱ्याच्या जहाजाने यायचं होतं. जहाजात माणूस बटाट्याच्या पोत्यासारखा या बंदरातून त्या बंदरात जातो. मी म्हटलं, ते नाही. तिने जहाजाचं वेळापत्रक घडी करून पर्समधे ठेवलं. मग म्हणाली, "बरं. पण मी पुढे बसणार, तुझ्या शेजारी. आणि झोपणार नाही." नको झोपूस. मला काय.

१० फेब्रुवारी, लाकसेल्व

गुनवोरने आज डोकं उठवलं. आल्टा सुटल्यापासून तोंडाची टकळी सुरू. "उजवीकडे बस थांबली आहे. डावीकडून एक बाई कुत्रा घेऊन येते आहे. आता वळण, काठ्या अगदी जवळ आल्यात, हालव्हार, थोडा डावीकडे." बर्फाखाली रस्त्याची कड कळत नाही म्हणून दोन्ही बाजूंना उंच काठ्या रोवतात, एवढं मला समजतं. उभं आयुष्य तेच शिकवलं.

शेवटी म्हटलं, "गुनवोर, तू रेडिओ आहेस का?"

"हो," ती म्हणाली. "आणि बंद करायचं बटण तुटलंय."

इथली रेनडिअर अगदी बेशिस्त. रस्त्यावर काही नसतं आणि पुढच्या क्षणी काचेसमोर शिंगं. चालत येणं वगैरे भानगड नाही, उगवतातच. दुपारी एक असंच उगवलं. गुनवोर ओरडली आणि माझा पाय ब्रेकवर असा पडला की खिळ्यांनी बर्फ कोरून काढलं. जनावर आणि आम्ही, दोघांच्या मधे हातभर अंतर राहिलं असेल. तरुण माणसाला जमलं नसतं. हे इडूनला मुद्दाम वाचून दाखवायचं. गुनवोर नंतर बराच वेळ हातमोजे काढून हात चोळत बसली. तिला थंडी फार लागते हल्ली.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी ज्यांना जमत नसे ते आरशाला दोष देत, काचेला देत, उन्हाला देत. नाचता येईना अंगण वाकडं. मी त्यांना सांगायचो, समोरचं आंधळ्यालाही दिसतं, माणूस मरतो तो बाजूने येणाऱ्यामुळे. मान फिरवा. मी काही तसा सबबी सांगणारा नाही, पण या गाडीपुरतं खरंच लिहून ठेवतो: हिचे आरसे लहान आहेत आणि काचेच्या दोन्ही कडांचे खांब नको इतके जाड.

११ फेब्रुवारी, ताना

सकाळी पाहतो तर उजव्या आरशाचं टोपण फुटलेलं आणि दारावर लांबलचक ओरखडा. रात्री कोणीतरी ठोकून गेलं. उत्तरेतल्या लोकांना गाडी लावायची अक्कल नाही, इतकी मोकळी जागा असून. मी हॉटेलच्या मालकाकडे तक्रार करायला निघालो होतो, पण गुनवोरने बाही धरली. ओरखड्यावरचं बर्फ हाताने पुसून म्हणाली, "जाऊ दे. विमा आहे."

१२ फेब्रुवारी, फाटकापाशी

अडकलो.

बेर्लेवोगच्या डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याला फाटक आहे. वारा सुटला की ते पडतं. वारा जरा उतरला की काफिला सोडतात. पुढे बर्फ ढकलणारा नांगरट्रक, त्याच्यामागे एकेक गाडी. पुढच्याचे लाल दिवे सोडायचे नाहीत, मधे थांबायचं नाही, काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. आम्ही पोचलो तेव्हा रांग लागत होती. मी रांगेत शिरतोय तोच दारावर धाडकन थाप पडली. पाहतो तर काचेपाशी एक बाई, डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी चमकत्या कपड्यांत.

"काका, मी हात हलवत होते," ती म्हणाली. "दोन्ही हात."

"तुम्ही त्या ट्रकच्या मागून आलात."

"मी मघापासून इथेच उभी आहे. तुमचं चाक माझ्या बुटाला लागलं."

ही सिन्नोवे, नांगरट्रकची ड्रायव्हर. उगवायची खोड इथल्या जनावरांनाच नाही, माणसांनाही आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वाकून गुनवोरकडे पाहिलं, आणि म्हणाली, "काफिला निघाला तर तुम्ही माझ्या लगेच मागे. पहिला नंबर."

पहिला नंबर कोणाला देतात ते मला पक्कं माहीत आहे. नवशिक्यांना. मी तिला सांगितलं की मी ड्रायव्हिंगचा मास्तर होतो.

"छान," ती म्हणाली. "मग सांगितलेलं ऐकायची सवय असेलच."

काफिला काही निघाला नाही. वाऱ्याने सिन्नोवेच्या डोळ्यांदेखत फाटकाचा दिवा उडवून नेला आणि तिने सगळ्यांना माघारी वळवलं. बहुतेक जण तानाला परतले. आम्ही फाटकाजवळच्या मुक्कामघरात उतरलो. रावना नावाची सामी बाई, म्हणजे इथल्या मूळच्या रेनडिअर पाळणाऱ्या लोकांतली, ते चालवते. साठीची, ठेंगणी, बोलते कमी आणि बोलली की झोंबतं. दारातच तिने हात पुढे केला.

"किल्ली."

"कशाला?"

"इथे किल्ल्या खुंटीवर. रात्री अंगणातलं बर्फ ढकलायचं असतं. ज्याला जाग असेल तो वाटेत येईल ती गाडी हलवतो. गाड्यांना कुलूपही लावायचं नाही."

"आणि कोणी घेऊन पळाला तर?"

"कुठे?" रावना म्हणाली.

माझी किल्ली खुंटीवर लावली. दुसऱ्याच्या हातात आपली गाडी द्यायला मला आवडत नाही, पण रिवाज म्हणजे रिवाज.

१४ फेब्रुवारी

कालपासून खिडकीबाहेर काही नाही. पांढरं म्हणावं तर तेही नाही, नुसतं काही नाही. घर कण्हतं. मुक्कामाला आम्ही दोघं, सिन्नोवे, आणि मासळीच्या ट्रकचा ड्रायव्हर ओड्मुन. त्याचा ट्रक रिकामाच आहे, बेर्लेवोगहून माल उचलायचाय, म्हणून निवांत. तो मला मास्तर म्हणतो आणि दिवसभर पत्ते खेळायला बसवतो.

"मास्तर, खेळा की. मी पान टाकून युग लोटलं."

"कुठे टाकलंस?"

"तुमच्या कोपराशी. अजून कुठे टाकू, मांडीवर?"

पान अगदीच कडेला टाकलं होतं. असं कोण खेळतं.

जेवायला रेनडिअरचा रस्सा, बटाटे आणि गाजर घालून, वर कॉफीत चीजचे तुकडे. जेवण चांगलं आहे, पण टेबलं कुठेही मांडलेली. सकाळी माझ्या हाताने कॉफीची किटली पडली. सगळी रावनाच्या सतरंजीवर. मी म्हटलं, असं वाटेत कशाला ठेवता. तिने फडकं आणलं, पुसलं, आणि किटली परत त्याच जागी ठेवली. दुपारी मी ती पुन्हा पाडली. तेव्हा मात्र तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पाय ओढणाऱ्या जनावराकडे पाहतात. मला ते मुळीच आवडलं नाही.

गुनवोरने बॅगेतून माझे डोळ्यांचे थेंब काढले. मी ते केव्हाच सोडलेत, बाटली ती स्वतःहून घेऊन आली. डॉक्टर म्हणतो डोळ्यात दाब आहे. दाब रक्ताचा असतो, डोळ्याचा कसला? थेंब झोंबतात आणि दिसण्यात काडीचा फरक पडत नाही. तपासणीला बोलावलं होतं, ते मी वसंत ऋतूवर ढकललं. मी वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचतो, हे त्या डॉक्टरने ऐकून तरी घ्यायला हवं होतं.

"एक थेंब," गुनवोर म्हणाली. "माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी तुझ्या डोळ्यात घाल."

संध्याकाळी इडूनचा फोन आला. गुनवोर बोळात जाऊन बोलली, दार लोटून. बाहेर आली तेव्हा सिन्नोवेही बोळातून आली. मला पाहून दोघी गप्प झाल्या आणि मग सिन्नोवे उगाचच म्हणाली, "लोकर छान आहे हो तुमची." गुनवोर विणतेय ते लाल हातमोजे खरंच छान आहेत. पण त्यासाठी बोळात कशाला जायला हवं?

या घरात मला घुसमटल्यासारखं होतं. खिडक्या लहान, छत बुटकं, तीन बायका आणि एक बडबड्या. गाडीत बसलो की बरं वाटेल. माझी जागा ती.

१५ फेब्रुवारी

किल्ली नाहीशी झाली.

सकाळी वारा पडला. अशा उसंतीला इथे खिडकी म्हणतात. सिन्नोवे आत येऊन म्हणाली, "खिडकी उघडलीय. कॉफी संपवा, काफिला निघतोय." मी बूट घातले, कोट घातला, खुंटीशी गेलो. ओड्मुनची किल्ली होती, सिन्नोवेची होती, रावनाच्या बर्फगाडीची होती. माझी नव्हती.

सगळं घर उलथंपालथं केलं. खिसे, सामान, चुलीची राख, कुत्र्याचं अंथरूण. ओड्मुन बिचारा गुडघ्यांवर रांगून कपाटाखाली बघत होता. तो म्हणाला, "मास्तर, काखेत कळसा आणि गावाला वळसा होतोय तुमचा. कोटाच्या अस्तरात बघा." अस्तर फाडून बघितलं. गुनवोरही शोधत होती, विणकामाची पिशवी खांद्यावरून एकदाही न उतरवता. मी म्हटलंही, ती ठेव ना खाली, दोन्ही हातांनी शोध. म्हणाली, "टाके निसटतील."

मी रावनाला विचारलं, रात्री गाडी कोणी हलवली.

"मी."

"मग किल्ली?"

"खुंटीवर लावली."

"मग ती गेली कुठे?"

"डोंगर कुठे जात नाही," ती म्हणाली. "आज नाही तर उद्या जाल." याला उत्तर म्हणतात का?

सिन्नोवे दारात उभी राहून हातमोजे चढवत होती. मी तिला म्हटलं, थोडं थांबा. ती म्हणाली, "काका, काफिला कोणासाठी थांबत नाही. खिडकी बंद होते आणि मग सगळेच मरतात." हे बोलताना तिने गुनवोरकडे का पाहिलं ते कळलं नाही. ओड्मुनने माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो ट्रकमधे चढला. तानाहून आलेल्या बाकीच्या गाड्या फाटकाशी उभ्याच होत्या. लाल दिव्यांची रांग डोंगरावर चढली आणि धुरळ्यात मिटली. मी दारातून बघत राहिलो.

गाडीवाल्यांना फोन केला. दुसरी किल्ली आल्टाहून यायला तीन-चार दिवस लागतील. आणि आम्हाला ती आज हवी होती. म्हणजे झालंच.

खरं लिहायचं तर मला रडू आलं. किल्लीसाठी नाही. दारात उभा होतो तेव्हा वाटलं, हे इडूनच्या घरासारखंच आहे. मी आत, गाड्या बाहेर, आणि सगळे माझ्याशी गोड बोलतायत. मी काय गुन्हा केलाय? गुनवोर मागे येऊन उभी राहिली, पाठीला हात लावला. मी तो झटकला.

१६ फेब्रुवारी

हे आजच लिहायला हवं.

वारा पुन्हा उठला होता, फार नाही. जेवणानंतर मी अंगणात गेलो, गाडीतल्या पायपुसण्यांखाली पुन्हा एकदा बघायला. बघून झालं आणि तसाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. थंडगार होतं. तेवढ्यात उजवीकडचं दार उघडलं आणि गुनवोर येऊन बसली. नवे लाल हातमोजे घालून.

"किल्ली माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

मी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"पिशवीत होती. लोकरीच्या गुंड्यात."

"तू मला कोंडून ठेवलंस."

"हो."

"त्या दोघींना माहीत होतं?"

"रावनाला न सांगता कळलं. सिन्नोवेला मी सांगितलं."

"आणि इडूनला?"

"इडूननेच मला सांगितलं, ही थंडी सुरू व्हायच्या आधी. मला तेव्हा पटलं नव्हतं. म्हटलं, एकदा शेजारी बसून बघते."

मला इतका संताप आला की काच फोडावीशी वाटली. मी तिला काय काय बोललो ते लिहिणार नाही. ती खिडकीबाहेर न बघता माझ्याकडे बघत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुला दिसत नाही, हालव्हार."

"मी मुंगीएवढी अक्षरं वाचतो."

"समोरचं दिसतं तुला. शेजारचं दिसत नाही. मी शेजारी बसते, मला माहीत आहे. तो ओरखडा काठीचा होता. एक नाही, पुष्कळ काठ्या. रेनडिअर त्या दिवशी केव्हाचं चालत येत होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलतच होते की. आल्टापासून बोलतेय. तू मला रेडिओ म्हणालास."

मी हेका धरला. म्हटलं, सगळ्या बायकांनी मिळून एक कट केलाय आणि मी काही त्याला बळी पडणार नाही. तेव्हा ती म्हणाली, "बरं. मग तुझी ती परीक्षा दे. पहिल्या दिवशी सगळ्यांची घ्यायचास ती. माझीही घेतली होतीस."

ती परीक्षा साधी आहे. शिकणाऱ्याला स्टिअरिंगवर बसवायचं, समोर एका जागी नजर ठेवायला सांगायची, आणि मास्तरने शेजारी बसून आपल्या कानापाशी बोट वर करायचं. मान न वळवता ते दिसलं की "हो" म्हणायचं. आजवर त्यात कोणी नापास झालेलं मला आठवत नाही. गुनवोर त्या वेळी लग्नाची बायको नव्हती, द्रामेनमधली एक अगोचर मुलगी होती. तिने "हो" म्हटलं आणि वर मला ऐकवलं होतं की, "तुम्ही बोलणं थांबवलंत तर मला रस्ताही दिसेल."

"पास झालास तर किल्ली घे," ती आता म्हणाली. "समुद्र येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. एक शब्द नाही."

मला हसू आलं. इतकी सोपी पैज. मी समोर रावनाच्या धुराड्यावर नजर रोवली आणि म्हटलं, "हं. चालू कर."

धुराड्यातून धूर वाऱ्याबरोबर आडवा जात होता. मी बघत राहिलो. काही होईना. ही आता घाबरली, असं मला वाटलं. पैज हरणार हे कळलं असेल.

"अगं, बोट वर कर ना," मी म्हटलं.

"केव्हाचं वर आहे."

मी मान वळवली. बोट नव्हतं. तिचा अख्खा हात होता, लाल हातमोज्यातला, पंजा पसरलेला, माझ्या गालापासून वीतभरावर. आणि ती तो हलवत होती. कोणाला लांबून निरोप द्यावा तसा हलवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मी पुन्हा समोर पाहिलं. हात गेला. पुन्हा वळलो, आला. असं किती वेळा केलं कोण जाणे. सर्वांत भयंकर गोष्ट ही की तिथे काळोख नव्हता. भोक नव्हतं. तिथे बर्फच दिसत होतं, आणि अंगण, आणि सगळं नीट असल्यासारखं. माझे डोळे मला खोटं चित्र काढून देत होते आणि मी त्यावर भरवसा ठेवून आम्हा दोघांना आल्टाहून इथवर आणलं.

मला भीती वाटली. अशी भीती मला यापूर्वी वाटलेली नाही. सिन्नोवेचा बूट आठवला. नारिंगी कपडे घातलेली धिप्पाड बाई, दोन्ही हात हलवणारी. तिच्या जागी कोणाचं लहान मूल असतं तर?

गुनवोरने हातमोजा काढला. तळहातावर किल्ली होती.

"घे," ती म्हणाली. "आता तू ठरव. मी पुन्हा लपवणार नाही. मला चोरासारखं वाटतं."

"तुला बर्फात चालवता येतं का?"

"तुझ्या हाताखाली शिकलेय. पण डोंगरावर कधी नाही, आणि काफिल्यात तर नाहीच. मला खूप भीती वाटते."

मी किल्ली घेतली. आत आलो. ती आता माझ्या खिशात आहे. रावनाने रस्सा वाढला आणि कॉफीची किटली उचलून माझ्या बरोब्बर समोर ठेवली. मी थेंब घातले. झोंबले.

१८ फेब्रुवारी, बेर्लेवोग

काल सकाळी खिडकी उघडली.

आदल्या रात्री डोंगरापलीकडून परतलेली सिन्नोवे आत येऊन "निघूया" म्हणाली आणि नंतर बुटांचे बंद बांधायला खाली वाकली, मला वाटतं मुद्दामच, कोणाकडे बघावं लागू नये म्हणून. मी गाडीपाशी गेलो. डावीकडचं, स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं, सीटवरचं बर्फ झटकलं. मग दार तसंच उघडं ठेवून गाडीला पुढून वळसा घातला आणि उजवीकडे जाऊन बसलो. किल्ली गुनवोरच्या हातात दिली. ती बसली. सीट पुढे ओढली. तिला माझ्यापेक्षा बरीच पुढे लागते.

सिन्नोवेने तिच्या खिडकीवर टकटक केलं. "कोण चालवणार?"

"मी," गुनवोर म्हणाली. आवाज अगदी बारीक आला.

"पहिला नंबर. माझे दिवे दिसेनासे झाले तर हॉर्न दाबून धरा, मी थांबते." मग पलीकडून वाकून मला म्हणाली, "मास्तर, शिकवा हं नीट." थट्टा होती, पण बोचली नाही.

ही जागा माझी नाही असं म्हणणं खोटं ठरेल. हयात मी याच जागेवर काढली. फक्त मास्तरच्या गाडीत इथे पायाशी दुसरा ब्रेक असतो. फाटक ओलांडून चढ लागला आणि माझा पाय आपणहून तो शोधायला लागला. पायपुसणं दाबत राहिला. गुनवोरने पहिलं वळण अर्धवट घेतलं, गाडी शेपटीत सरकली, आणि तिने ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, जसं सोडायला हवं तसं. मी एक शब्दही बोललो नव्हतो.

वरती गेल्यावर वारा लागला. सगळं पुसून गेलं. मला समोर दोन लाल ठिपके दिसत होते, नळीतून बघावं तसे, आणि त्यांच्या भोवती तेच ते खोटं चित्र, बर्फ आणि सगळं ठीक. ते चित्र आता मला बघवेना. डोळे मिटले तर आणखी वाईट. गुनवोर स्टिअरिंगला चिकटून बसली होती, दात आवळून, अगदी गप्प. आल्टापासून पहिल्यांदाच गाडीत आवाज नव्हता. मला कोणी पेटीत घालून झाकण लावावं तसं झालं.

"गुनवोर," मी म्हटलं.

"बोलू नकोस. मला दिवे बघू दे."

"मी नाही बोलत. तू बोल."

"काय बोलू?"

"बाजूला काय आहे ते सांग."

तिने क्षणभरही मान वळवली नाही, लाल दिवे सोडायचे नव्हते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. माझ्याकडे ते कोपरे आता नाहीत.

"उजवीकडे काठी," ती म्हणाली. "वाकलेली. पुढे आणखी एक, सरळ. डावीकडे नुसता उतार, खाली काही दिसत नाही. आता काठी. काठी. एक काठी मोडलीय, कोणीतरी ठोकलीय."

"मी नव्हे," मी म्हटलं.

ती हसली. गाडी हलली इतकी हसली, आणि मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "उजवीकडे रेनडिअर. पाच-सहा असतील. वाऱ्याकडे पाठ करून उभी आहेत, अंगावर बर्फ साचलंय. आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. काठी. हालव्हार, पुरे का आता?"

मी म्हटलं, पुरे नाही. समुद्र येईपर्यंत मी तिला तोंड मिटू दिलं नाही.